विश्लेषण : यवतमाळच्या भामपासून बंगालपर्यंत… सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांची लष्करी कारकीर्द कशी घडली?

लंडनच्या लिलावात निघालेली एक तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ४७ लाख १५ हजार रुपयांना विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. युरोपात घडवलेले सरळ पाते, त्यावर देवनागरीत कोरलेले नाव आणि त्या नावापुढे ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब. नाव होते नागपूरकर भोसले घराण्याच्या राज्याचे संस्थापक रघुजी भोसले यांचे.

तलवारीमुळे रघुजींचे नाव पुन्हा चर्चेत आले. नागपूर, ओडिशा आणि बंगाल यांच्याशी त्यांचा संबंध अनेकांना माहीत असतो. मात्र या सैनिकाची सुरुवातीची वर्षे आणि त्याच्या आयुष्यातील सर्वांत अवघड लढाई या दोन्ही गोष्टी आजच्या यवतमाळ जिल्ह्यात घडल्या. ती लढाई कोणा परक्या सुभेदाराशी नव्हती. लहानपणी ज्यांनी सांभाळले, त्या चुलत्यांविरुद्ध होती.

यवतमाळमधील भामचे महत्त्व काय होते?

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून परतले. ते खरे शाहू आहेत की तोतया, असा प्रश्न तेव्हा मराठी सरदारांसमोर होता. वऱ्हाड भागात फौज बाळगून असलेले परसोजी भोसले त्यांना सर्वांत आधी येऊन मिळाले. इतरांची शंका फिटावी म्हणून परसोजी त्यांच्या पंक्तीला जेवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. या निष्ठेबद्दल शाहूंनी परसोजींना सेनासाहेबसुभा हा किताब आणि वऱ्हाड-गोंडवन बाजूचे वसुलीचे हक्क दिले.

परसोजींचे १७०९ मध्ये निधन झाले. त्यांचे पुत्र कान्होजी पुढचे सेनासाहेबसुभा झाले. त्यांनी आपले मुख्य ठाणे भाम येथे केले. ही जागा लष्करी दृष्टीने सोयीची होती. उत्तरेला वऱ्हाडचा सुपीक पट्टा, पूर्वेला वर्धा नदीपलीकडे चांद्याचे गोंड राज्य आणि दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की निजामाचा मुलूख. दसरा झाला की फौज बाहेर काढायची, चौथाई वसूल करायची आणि पावसाळ्याआधी परत यायचे, या मुलूखगिरीसाठी भाम मोक्याचे होते.

रघुजी भाममध्ये कसे आले?

रघुजींचा जन्म १६९५ च्या सुमारास झाला. वडील बिंबाजी लवकर वारले. बालपण वाईजवळच्या पांडववाडीत गेले. तेथील कोल्हटकर कुटुंबाशी भोसल्यांचा घरोबा होता. याच कुटुंबातील भास्कर राम पुढे रघुजींचे सर्वांत विश्वासू सेनानी झाले.

कान्होजी नात्याने रघुजींचे चुलते. त्यांना बराच काळ मूल नव्हते. त्यांनी रघुजींना आपल्याकडे ठेवून घेतले. घोडा, भाला, फौजेची हजेरी, चौथाईचा हिशेब हे सगळे रघुजी भामच्या छावणीत शिकले. पुढे कान्होजींना रायाजी हा मुलगा झाला आणि घरातील चित्र बदलले, असे बखरी सांगतात. आपल्याला येथे वारसा मिळणार नाही, हे रघुजींच्या लक्षात आले. काका-पुतण्यात खटके उडू लागले आणि शंभरेक स्वार घेऊन रघुजी भामहून बाहेर पडले.

बाहेर पडल्यावर त्यांनी काय केले?

त्या काळी स्वतःचा घोडा आणि हत्यार बाळगणाऱ्या स्वाराला शिलेदार म्हणत. सरकारी किंवा सरदाराच्या घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर. शंभर घोडी पदरी असलेला तरुण सरदार कोणत्याही दरबारी चाकरी मागू शकत असे. रघुजी काही काळ देवगडचा गोंड राजा चांदसुलतान याच्याकडे आणि एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या नवाबाकडे राहिले. पुढे त्यांच्या कामी आली ती याच काळात झालेली गोंडवनाची ओळख. वाटा, घाट, किल्ले आणि दरबारातील गटतट त्यांनी जवळून पाहिले.

त्यानंतर ते साताऱ्याला शाहू महाराजांकडे गेले. शिकारीत त्यांनी दाखवलेल्या धाडसाने महाराज खूश झाले, अशी बखरीतील आख्यायिका आहे. शाहूंनी आपल्या राणीच्या माहेरच्या शिर्के घराण्यातील मुलीशी रघुजींचे लग्न लावून दिले. शंभर स्वारांचा सरदार आता छत्रपतींचा नातलग झाला.

कान्होजी आणि साताऱ्याचे बिनसले कशावरून?

मुद्दा हिशेबाचा आणि हुकमाचा होता. सेनासाहेबसुभाने वसुलीतील ठरलेला वाटा साताऱ्याला पाठवायचा आणि बोलावणे आले की फौजेसह हजर व्हायचे, असा नियम होता. कान्होजींकडे बाकी थकत गेली. १७२५ मध्ये ते साताऱ्याहून छत्रपतींची परवानगी न घेता निघून गेले. ते निजामाशी संधान बांधतील, अशी भीती दरबाराला वाटू लागली.

शाहूंनी १७२८ च्या सुमारास सेनासाहेबसुभाची वस्त्रे कान्होजींकडून काढून रघुजींना दिली. त्यासोबत अटीही होत्या. ग्रँट डफ या इतिहासकाराने त्या नोंदवल्या आहेत. राज्याच्या चाकरीसाठी पाच हजार घोडदळ सदैव तयार ठेवायचे. दरवर्षी नऊ लाख रुपये भरायचे. घासदाणा वगळून उरलेली खंडणी आणि लूट यांतील निम्मा वाटा छत्रपतींना द्यायचा. गरज पडल्यास दहा हजार स्वार उभे करायचे.

पहिले काम मात्र वेगळेच होते. कान्होजींना पकडून साताऱ्याला आणायचे.

वणीजवळच्या मंदरला काय घडले?

रघुजी फौज घेऊन भामवर चालून आले. वाढत्या वयात ज्या छावणीत ते राहिले होते, तिच्यासमोर आता ते छत्रपतींचा हुकूम घेऊन उभे होते. कान्होजी शरण आले नाहीत. ते भामहून निसटले आणि पूर्वेकडे गेले. रघुजींनी पाठलाग केला. वणीजवळच्या मंदर येथे दोन्ही फौजांची गाठ पडली आणि १७३० च्या सुमारास झालेल्या या लढाईत कान्होजी कैद झाले.

कान्होजींना साताऱ्याला नेण्यात आले. उरलेले आयुष्य त्यांनी तेथे कैदेतच काढले. वीस वर्षे वऱ्हाड-गोंडवनात मराठ्यांचा झेंडा वागवलेल्या सेनानीचा शेवट असा झाला. रघुजींचा अधिकार या लढाईमुळे पक्का झाला, पण तो घरातल्याच माणसाला बेड्या घालून मिळाला होता. छत्रपतींचा हिशेब चुकवणाऱ्या सरदाराला राज्यात जागा नाही, हे तत्त्व रघुजींनी मंदरला तलवारीने अमलात आणले. पुढे तेच तत्त्व त्यांच्यासमोर उभे राहणार होते.

मुख्य ठाणे भामहून नागपूरला कसे गेले?

नागपूर तेव्हा देवगडच्या गोंड राजांचे होते. बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते वसवले आणि चांदसुलतानने तेथे राजधानी आणली. १७३८-३९ मध्ये चांदसुलतान वारला आणि वलीशाहने गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवर हिने आपल्या मुलांच्या हक्कासाठी रघुजींची मदत मागितली. रघुजींनी वलीशाहचा पराभव केला, राणीच्या मुलांना गादी मिळवून दिली आणि त्याबदल्यात पैसा व मुलूख घेतला.

काही वर्षांनी बुऱ्हाणशाह आणि अकबरशाह या दोन भावांत भांडण लागले. १७४३ मध्ये रघुजी पुन्हा मध्ये पडले. त्यांनी बुऱ्हाणशाहला राजा हा मान आणि तनखा ठेवून प्रत्यक्ष कारभार आपल्या हाती घेतला. नागपूर ही भोसल्यांची राजधानी झाली. पुढे १७५१ पर्यंत चांद्याचे गोंड राज्यही त्यांच्या ताब्यात आले. वर्धा नदीच्या दोन्ही बाजूंना आता एकच सत्ता होती आणि भामचे महत्त्व ओसरत गेले.

त्रिचनापल्लीची मोहीम का गाजली?

रघुजींची सेनानी म्हणून खरी ओळख दक्षिणेत झाली. १७४० मध्ये शाहूंनी त्यांना आणि अक्कलकोटच्या फत्तेसिंह भोसले यांना कर्नाटकात पाठवले. २० मे १७४० रोजी दमलचेरीच्या घाटात मराठ्यांनी अर्काटचा नवाब दोस्तअली याला गाठले. नवाब सरळ वाटेवर तोंड करून बसला होता. मराठे दुसऱ्या वाटेने त्याच्या पिछाडीवर उतरले. नवाब लढाईत मारला गेला.

नवाबाचा जावई चंदासाहेब त्रिचनापल्लीच्या किल्ल्यात होता. किल्ल्यात धान्याचा मोठा साठा होता. रघुजींनी वेढ्याची घाई केली नाही. फौज लांब शिवगंगेच्या बाजूला नेली. मराठे परत गेले, असे समजून चंदासाहेबाने साठवलेले धान्य विकायला काढले आणि काही फौजही बाहेर पाठवली. त्यानंतर मराठे झपाट्याने परत आले आणि त्यांनी किल्ला वेढला. सुमारे तीन महिन्यांनी, मार्च १७४१ मध्ये रामनवमीच्या सुमारास किल्ला पडला. चंदासाहेब कैदी झाला आणि सुमारे सात वर्षे मराठ्यांच्या ताब्यात राहिला. किल्ल्यावर मुरारराव घोरपडे यांची नेमणूक झाली.

याच दरम्यान रघुजींनी पाँडिचेरीच्या फ्रेंचांकडे खंडणी आणि चंदासाहेबाच्या कुटुंबाचा ताबा मागितला होता. फ्रेंच गव्हर्नर द्यूमा याने दोन्हींस नकार दिला. तोफांनी सज्ज असलेली तटबंदी रघुजींच्या वकिलाला दाखवून त्याने परत पाठवले. घोडदळाच्या बळावर अशा किल्ल्याला धडक देणे रघुजींनी टाळले.

बंगालच्या स्वाऱ्या कशामुळे सुरू झाल्या?

बंगाल, बिहार आणि ओडिशा हे मोगल साम्राज्यातील श्रीमंत सुभे होते. १७४० मध्ये अलिवर्दीखानाने बंगालच्या नवाबाला लढाईत मारून सत्ता घेतली. पुढच्या वर्षी त्याने ओडिशाचा नायब रुस्तमजंग याला हुसकावले. त्याचा कारभारी मीर हबीब रघुजींच्या आश्रयाला आला. त्याला बंगालच्या वाटा, नद्यांचे उतार आणि तिजोऱ्या कुठे आहेत हे सगळे ठाऊक होते. चौथाईचा हक्क मागण्यासाठी रघुजींना कारण आणि वाटाड्या एकदमच मिळाला.

भास्कर राम कोल्हटकर फौज घेऊन निघाले. वाटेत छत्तीसगडमधील रतनपूरचे राज्य मराठ्यांच्या अमलाखाली आले. एप्रिल १७४२ मध्ये त्यांनी वर्धमानजवळ अलिवर्दीला घेरून त्याची रसद तोडली. नवाब कसाबसा कटव्याला पोहोचला. मे महिन्यात मराठ्यांच्या तुकडीने थेट मुर्शिदाबाद गाठून जगतशेठची पेढी लुटली. पावसाळ्यात भास्कर राम यांनी भागीरथीच्या काठी कटव्याला तळ ठेवला. नागपूरपासून ही जागा सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. सप्टेंबरमध्ये तेथे दुर्गापूजा सुरू असताना अलिवर्दीने नदी ओलांडून पहाटे छापा घातला आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली.

मराठेच मराठ्यांसमोर का उभे राहिले?

पुढच्या वर्षी रघुजी स्वतः बंगालमध्ये उतरले. त्याच वेळी मोगल बादशहाच्या विनंतीवरून पेशवे बाळाजी बाजीराव अलिवर्दीच्या मदतीला तेथे आले.

या वैराला जुने कारण होते. बाजीराव पेशव्यांचे १७४० मध्ये निधन झाल्यावर पेशवेपद बाळाजींना न देता बाबूजी नाईक बारामतीकर यांना द्यावे, असा रघुजींचा प्रयत्न होता. त्यासाठी ते कर्नाटकातून साताऱ्याला धावले होते. शाहूंनी मात्र बाळाजींनाच वस्त्रे दिली.

मार्च १७४३ मध्ये पेशवे आणि अलिवर्दी यांची प्लासीजवळ भेट झाली. नवाबाने शाहूंना चौथाई आणि पेशव्यांना फौजखर्चाचे २२ लाख रुपये देण्याचे मान्य केले. त्यानंतर पेशव्यांनी रघुजींचा पाठलाग केला. एकाच छत्रपतीचे दोन सरदार परमुलखात एकमेकांशी लढले आणि रघुजींना नुकसान सोसून परतावे लागले.

येथे मंदरचा प्रसंग आठवणे भाग आहे. कान्होजींवर आरोप होता तो मनमानी केल्याचा. आता पेशव्यांचा रघुजींवर तोच आक्षेप होता. फरक इतकाच, की या वेळी शाहूंनी एका सरदाराला दुसऱ्यावर सोडले नाही. त्यांनी दोघांना साताऱ्याला बोलावून ऑगस्ट १७४३ मध्ये समेट घडवला आणि कार्यक्षेत्रे वाटून दिली. बंगाल आणि ओडिशाची बाजू रघुजींकडे राहिली. कान्होजींच्या वाट्याला जी संधी आली नाही, ती रघुजींना मिळाली.

मनकऱ्याच्या तंबूत काय झाले?

१७४४ मध्ये भास्कर राम पुन्हा बंगालमध्ये गेले. तिजोरी रिकामी आणि फौज थकलेली, अशा अवस्थेत अलिवर्दीने दगा करायचे ठरवले. चौथाईची बोलणी करण्यासाठी त्याने भास्कर राम यांना सुरक्षिततेच्या शपथा देऊन मनकरा येथे बोलावले. ३१ मार्च १७४४ रोजी तंबूत शिरलेल्या भास्कर राम यांच्यासह २२ सरदारांना कापून काढण्यात आले. पांडववाडीच्या दिवसांपासूनचा जवळचा माणूस रघुजींनी गमावला.

या कटात पुढाकार घेणारा नवाबाचा सेनापती मुस्तफाखान याला कबूल केलेले बक्षीस मिळाले नाही. वर्षभरात त्याने बंड केले आणि रघुजींनाच मदतीला बोलावले. १७४५ मध्ये रघुजी ओडिशात शिरले, कटक घेतले आणि बाराबाटीचा किल्लाही जिंकला. त्यानंतर बंगालमध्ये त्यांचे पराभवही झाले. पण पुत्र जानोजी आणि मीर हबीब यांच्या मार्फत त्यांनी युद्ध थांबू दिले नाही. अखेर १७५१ मध्ये म्हाताऱ्या अलिवर्दीने तह केला. ओडिशाचा वसूल मराठ्यांकडे आला आणि बंगालची चौथाई म्हणून दरवर्षी १२ लाख रुपये ठरले. सुवर्णरेखा नदी ही हद्द झाली.

बंगालमध्ये ही आठवण कशी आहे?

महाराष्ट्रात या मोहिमा पराक्रम म्हणून सांगितल्या जातात. बंगालमध्ये त्यांची आठवण भीतीची आहे. फौजेतील बारगीर या शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले. मुलाला झोपवताना म्हटल्या जाणाऱ्या तेथील प्रसिद्ध अंगाईगीतात हे बर्गी आजही येतात. गंगाराम या कवीने त्याच काळात लिहिलेल्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात जळालेली गावे, पळणारी कुटुंबे आणि स्त्रियांवरील अत्याचार यांची वर्णने आहेत. भागीरथीच्या पश्चिमेकडील विणकर आणि शेतकरी घरे सोडून पूर्वेकडे गेले. कलकत्त्यातील इंग्रजांनी मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खोदायला घेतला. तो कधी पूर्ण झाला नाही, पण ‘मराठा डिच’ हे नाव राहिले.

चौथाई न दिल्यास मुलूख लुटून नवाबाला नमवायचे, ही त्या काळची युद्धपद्धती होती. फौजेचा पगारही बराचसा त्यातून निघत असे. मात्र तिची सर्वाधिक किंमत नवाबाने नव्हे, तर रयतेने मोजली. रघुजींची कारकीर्द समजून घेताना ही बाजू वगळता येत नाही.

रघुजींचा शेवट आणि वारसा

१४ फेब्रुवारी १७५५ रोजी नागपुरात रघुजींचे निधन झाले. शंभर स्वारांनिशी भाम सोडणाऱ्या या सैनिकाचा अंमल तेव्हा वऱ्हाडपासून ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत होता. मुधोजी, जानोजी, साबाजी आणि बिंबाजी हे त्यांचे चार पुत्र.

निधनानंतर लगेचच जानोजी आणि मुधोजी यांच्यात सेनासाहेबसुभा या किताबावरून वाद पेटला. ज्या किताबासाठी पुतण्याने चुलत्याला कैद केले होते, त्याच किताबासाठी आता भाऊ भावासमोर उभा राहिला आणि निवाडा पेशव्यांकडे गेला. घराण्यातील ही भांडणे पुढेही सुरू राहिली. १८०३ मध्ये देवगावच्या तहाने ओडिशा इंग्रजांकडे गेला, १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई भोसले हरले आणि तिसरे रघुजी निपुत्रिक वारल्यावर १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर राज्यच खालसा केले.

सरकारने परत आणलेल्या तलवारीवर रघुजींच्या नावाबरोबर सेनासाहेबसुभा हा किताबही कोरलेला आहे. तो पाहायला जाणाऱ्यांना त्याच्या मागे नागपूर, कटक आणि त्रिचनापल्ली दिसेल. त्या यादीत यवतमाळ जिल्ह्यातील भाम आणि मंदर ही दोन नावेही जोडायला हवीत. हा किताब आधी भामच्या कान्होजींचा होता आणि रघुजींकडे तो कायमचा आला, तो मंदरच्या लढाईनंतर.